विडी वळणारे हात: रेखाटनापासून कॅनव्हासपर्यंत

सोलापूरच्या पूर्व भागात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई रंगवायची असेल, तर सुरुवात हातांपासून करा.

मजुरी हजार विड्यांमागे मिळते, त्यामुळे तिला नुसतं बसवून ठेवणार असाल तर त्या वेळेचे पैसे आधी ठरवा. पण काम चालू असतानाच रेखाटणं जास्त बरं. ‘जरा थांबा’ म्हटलं की बोटं ताठरतात आणि तोच ताठरपणा पुढे रंगात उतरतो. पान, तंबाखू, वळण, टोक दुमडणं, दोरा: हात काही सेकंदांत फिरून त्याच जागी येतात. एकाच कार्ट्रिज कागदावर या पाचही अवस्था सुरू करा. हात ज्या अवस्थेत येईल तिथे दोन-तीन रेषा टाका, पुढच्या चित्राकडे वळा. ४बी पेन्सिल घ्या, खोडरबर बाजूला ठेवा.

मग पूर्ण आकृती. दोऱ्याला वजन बांधून ओळंबा करा आणि कानावरून खाली सोडून पाहा: वाकून काम करणाऱ्या बाईचा कान खांद्याच्या बराच पुढे असतो. मान सरळ काढली की ती विडी न वळता फोटोला बसल्यासारखी दिसते. आपल्याकडे येणारी मांडीही नेहमी लांब निघते, कारण तिची खरी लांबी आपल्याला माहीत असते. दिसते तेवढीच मोजा. साडी शेवटी, आधी आतलं शरीर.

मायकेलअँजेलोनं व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपेलच्या छतावरच्या लिबियन सिबिलसाठी (सिबिल म्हणजे भविष्य सांगणारी स्त्री) केलेलं लाल खडूचं अभ्यासचित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. छतावर वस्त्रं नेसलेली स्त्री, कागदावर मात्र उघड्या अंगाचा पुरुष. त्याच कागदावर पायाचा अंगठा पुन्हा वेगळा काढलाय, कारण शरीराचा भार तिथे उतरतो. आपल्या चित्राचा सगळा भार अंगठा आणि तर्जनीवर आहे. त्यांची वेगळी, मोठी रेखाटनं हवीतच.

कॅनव्हास ३६ × ४८ इंच उभा असेल तर रेखाटन ९ × १२ इंचांचं ठेवा. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून १ इंचाचे चौकोन आखा, कॅनव्हासवर ४ इंचांचे, आणि एकेका चौकोनातल्या रेषा त्याच जागच्या मोठ्या चौकोनात उतरवा. इम्पीरियल मापाच्या चित्रकलेच्या कागदाचा अर्धा भाग १५ × २२ इंचांचा असतो. त्याचेही रुंदीत ९ आणि उंचीत १२ भाग पाडले तर घरं चौकोनी राहत नाहीत आणि बाई बुटकी, रुंद होते.

कॅनव्हासवर आखणी चारकोलनं करा. तैलरंग वर्षांनी पारदर्शक होत जातो आणि खालची पेन्सिल वर दिसू लागते. चारकोलच्या रेषा टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या अंबर या तपकिरी रंगानं पक्क्या करा आणि वाळल्यावर भुकटी कापडानं झटका. नाहीतर त्वचेचे उजळ रंग राखाडी होतात.

हात मात्र चौकोनांवरून उतरवू नका, लाकडी होतात. त्यांची फक्त जागा नक्की करा, पाच अवस्थांचा कागद ईझलशेजारी टांगा आणि त्यात बघून ब्रशनं थेट काढा.