कॉलेज प्रेडिक्टर आकडा कुठनं काढतंय, आणि तो घरी कसा ताडायचा

इंजिनिअरिंगच्या सीईटीचा निकाल लागला की घराघरात एकच उद्योग, पोरगं मोबाईल घेऊन बसतंय आणि दिसेल त्या प्रेडिक्टरवर, म्हणजे कुठलं कॉलेज मिळेल याचा अंदाज सांगणाऱ्या साइटवर, पर्सेंटाइल टाकतंय, एक साइट म्हणते गोकुळ शिरगावला केआयटीत कॉम्प्युटर ८० टक्के चान्स, दुसरी म्हणते अवघड हाय, आणि आईवडील मधल्या मधे गॅसवर.

आतली भानगड काय लई मोठी नाही. प्रत्येक कॅप राऊंड, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेशाची फेरी, झाला की ती चालवणारं सरकारी सीईटी सेल कटऑफची पीडीएफ टाकतं, कुठल्या ब्रँचला कुठल्या कॅटेगरीत शेवटची सीट कितीवर गेली ते. प्रेडिक्टर तुमचं पर्सेंटाइल त्याला लावून बघतं, बऱ्यापैकी वर असला तर सेफ, जवळपास असला तर मॉडरेट, खाली असला तर ड्रीम. तो ८० टक्के म्हणजे बऱ्याचदा हाच फरक रंगवून दाखवलेला.

मग हे घरीच करा की. मागच्या वर्षीची पीडीएफ उघडा, कॉलेज शोधा, ब्रँच शोधा. प्रत्येक रकान्यात वर मेरिट नंबर असतोय आणि खाली कंसात पर्सेंटाइल. रकान्याच्या डोक्यावर जीओपनएच, एलओपनएच असं कायतरी लिहिलेलं असतंय, इथंच निम्मी जनता घसरते. पहिलं जी म्हणजे जनरल, एल म्हणजे मुलींच्या सीटा, मधे कॅटेगरी, आणि शेवटचं एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे स्टेट लेव्हल. आपल्याकडं कोल्हापूर, सांगली, सातारा हे शिवाजी विद्यापीठात, पण होम युनिव्हर्सिटी ठरते बारावी कुठं केली त्यावर. पोरगं राहणार शिवाजी पेठेतलं असलं तरी बारावी लातूरला केली असली तर त्याला इथल्या कॉलेजात ओ चा रकाना बघायचा, एच चा नव्हे. प्रेडिक्टर हे विचारत नसेल तर तिथनं लगेच बाहेर पडा.

पर्सेंटाइल म्हणजे मार्क नव्हेत हे पण पालकांना समजावून सांगा. ९२ पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या विषयांच्या ग्रुपची (इंजिनिअरिंगला पीसीएम) परीक्षा दिलेल्यांतली साधारण ८ टक्के पोरं तुमच्या पुढं, समजा ३ लाख पोरं बसली तर २४ हजार. आता हा २४ हजार मेरिट नंबर नव्हे हां, कारण मेरिट लिस्टमधे फक्त कॅपचा फॉर्म भरलेलेच येतात, म्हणून लिस्ट लागली की नंबर त्यातलाच धरायचा.

आता साल बघा. एसईबीसीचं, म्हणजे मराठा समाजाचं, १० टक्के आरक्षण २०२४ ला आलं, त्यामुळं २०२३ चे आकडे धरून कोण चान्स सांगत असेल तर त्यात तो रकानाच नाही आणि ओपनचं गणितबी वेगळं. नवी ब्रँच निघाली, सीटा वाढल्या, हे पण मागच्या आकड्यात कुठनं येणार?

राऊंड पण बघा. पहिल्या राऊंडचाच कटऑफ धरला तर उगंच छातीत धस्स होतंय, कारण पुढं आयआयटी-एनआयटीला वगैरे जाणारी पोरं निघून जातात आणि बऱ्याच ठिकाणी कटऑफ खाली येतो. शेवटच्या राऊंडला मात्र एखादीच सीट कुणीतरी सोडलेली असते, तिचा आकडा भलताच खाली दिसला म्हणून यंदाबी तसंच होईल असं धरू नका. छोट्या कॅटेगरीत एकदोनच सीटा असल्या की आकडा दरवर्षी उड्या मारतोय, तिथं दोनतीन वर्षांचे आकडे शेजारी मांडल्याशिवाय बोलायचंच नाही.

आणखी एक, जिथं मोबाईल नंबर टाकल्याशिवाय निकाल दिसत नाही तिथं नंबर देऊ नका, नंतर मॅनेजमेंट कोट्यावाल्यांचे फोन चालू होतात आणि ते काय थांबत नाहीत.

ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज-ब्रँचच्या पसंतीची यादी, भरताना क्रम आवडीचा ठेवा, प्रेडिक्टरनं सेफ म्हटलं म्हणून ते कॉलेज वर घेऊ नका, कारण पहिल्या नंबरचा ऑप्शन मिळाला की तो ऑटो फ्रीझ, म्हणजे आपोआप पक्का, होतो आणि पुढच्या राऊंडला जाता येत नाही. ड्रीमवाली वर, मधे मॉडरेट, आणि खाली नक्की मिळतील अशी चारपाच असूदेत.