कोबॉलमधून आयपी अ‍ॅड्रेस कन्व्हर्ट करताय? या चुका टाळा

समजा हेड ऑफिस लातूरला, ब्रँच उदगीरला, आणि रात्रीचा कोबॉल जॉब (म्हणजे कोबॉल भाषेतला प्रोग्रॅम) ब्रँचच्या सर्व्हरला जोडायलाच तयार नाही. पहिला फोन जातो नेटवर्कवाल्याला. तो बिचारा पिंग करून दाखवतो, पिंग झकास चालू असतं. अहो, असं असलं की आधी प्रोग्रॅममध्ये बघा, अ‍ॅड्रेसचा मजकूर सी भाषेच्या फंक्शनला देताय, म्हणजे मजकुराचे बाइट करून घेताय तिथं. खालचं सगळं लिनक्सवरचं जीएनयू कोबॉल (कोबॉलचा एक कंपायलर) धरून सांगायलोय.

पोरं सगळ्यात जास्त अडकतात ती स्पेसवर. पिक एक्स 15 च्या (15 अक्षरांच्या) फील्डमध्ये 192.168.1.10 टाकलं की अक्षरं 12 आणि मागं 3 स्पेस, कोबॉलला त्याचं काही वाटत नाही पण सी ला शेवटी शून्य बाइट लागतो, तो सापडेपर्यंत ते वाचतच सुटतं. इनेट पीटॉन (मजकुराचे बाइट करणारं सी चं फंक्शन) असल्या स्ट्रिंगला सरळ 0 परत देतं, म्हणजे अ‍ॅड्रेसच चुकीचा. गंमत अशी की याच कामाचं जुनं फंक्शन इनेट अ‍ॅडर मागच्या स्पेसकडं कानाडोळा करतं, म्हणून जुना प्रोग्रॅम बिनबोभाट चालतो, कुणी तिथं पीटॉन टाकलं की बंद पडतो आणि मग खापर नवीन फंक्शनवर. फील्ड 16 चं घ्या, पूर्ण 15 अक्षरी अ‍ॅड्रेसमागं शून्याला जागा नको का? स्ट्रिंग स्टेटमेंटमध्ये अ‍ॅड्रेस डिलिमिटेड बाय स्पेस (म्हणजे स्पेस येईपर्यंतच), आणि त्याला लागून एक्स 00, म्हणजे तो शून्य बाइट, डिलिमिटेड बाय साइझ (म्हणजे आहे तेवढा पूर्ण).

पण पीटॉन अडतं म्हणून परत अ‍ॅडरकडं जाऊ नका. 010.0.0.5 दिलं तर ते पहिला आकडा ऑक्टल (आठच्या पायाचा) धरतं आणि गुपचूप 8.0.0.5 करून देतं, एररबिरर काही नाही. आयपी तीन-तीन आकड्यांत लिहायची सवय असलेल्या ऑफिसात हे लई महागात पडतं.

पीटॉननं -1 दिलं तर अ‍ॅड्रेस फॅमिलीचा (आयपीव्ही4 साठीचा) 2 बाय व्हॅल्यू, म्हणजे आकडा म्हणूनच, दिलाय का ते बघा. नुसतं कॉल केलं की कोबॉल बाय रेफरन्स पाठवतं, सी ला 2 च्या जागी मेमरीचा पत्ता मिळतो.

पोर्टचं (सर्व्हरवरच्या सेवेच्या नंबरचं) दुखणं वेगळं. साधं कॉम्प (बायनरी आकड्याचं फील्ड) इथं डिफॉल्टनं बिग-एंडियन (मोठा बाइट आधी) असतं, म्हणजे नेटवर्कला पाहिजे तोच क्रम, त्यावर परत एचटॉन्स (बाइट नेटवर्कच्या क्रमात लावणारं फंक्शन) चालवलं की बिघडलं. कॉम्प-5 मात्र मशीनच्या क्रमानं चालतं, इंटेलवर तिथं एचटॉन्स लागतंच. 8080 चे दोन बाइट उलटले की 36895 होतं, नेटस्टॅटमध्ये (कनेक्शन दाखवणाऱ्या कमांडमध्ये) हा आकडा दिसला तर दुसरं काही शोधत बसू नका. आणि पिक 9(4), म्हणजे चार आकडी, कॉम्पमध्ये 12345 टाकलं तर उरतं 2345. सरळ बायनरी-शॉर्ट अनसाइन्ड घ्या आणि एचटॉन्स एकदाच करा.

आता एक असलं की ज्यानं डोकंच फिरतं. सगळं बरोबर झालं, डेटा गेला, तरी सकाळी क्रॉनची (ठरल्या वेळी जॉब चालवणाऱ्या सोयीची) स्क्रिप्ट म्हणते जॉब फेल. कारण पीटॉन यशस्वी झालं की 1 देतं, कॉलला रिटर्निंग (उत्तर कुठं ठेवायचं ते सांगणारं) लावलं नसेल तर तो 1 प्रोग्रॅमचा निकाल ठेवणाऱ्या रिटर्न-कोडमध्ये जाऊन बसतो, आणि स्टॉप रन तोच शेलला देतं. शेलला 0 सोडून सगळं फेलच. रिटर्निंगमध्ये वेगळं बायनरी-लाँग फील्ड द्या, तपासणी त्याच्यावरच करा.

उलट्या बाजूला, म्हणजे बाइटचा परत मजकूर करताना, एनटॉप फंक्शनला बफर आयपीव्ही4 साठी 16 आणि आयपीव्ही6 साठी 46 द्या, आणि आलेल्या उत्तरात शून्य बाइटपर्यंतचंच घेऊन बाकी स्पेसनं भरा, नाहीतर डिस्प्लेला दोन्ही अ‍ॅड्रेस सेम दिसतात आणि इफ मात्र जुळत नाही.