वीज नाही, नळ नाही : कोल्हापूरजवळच्या कॅम्पवर दोन रात्री कशा काढाव्यात

कोल्हापूरहून पन्हाळा सुमारे 20 किलोमीटर, राधानगरी आणि गगनबावडा 50-55, आंबा घाट त्याहून थोडं पुढं. अंतर फार नाही, म्हणून लोक दुपारचं जेवण उरकून निवांत निघतात आणि तिथंच चुकतात. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. वीज नसलेल्या जागी तंबू, सरपण, पाणी, संडासाची वाट हे सगळं उजेडात लावून घ्यावं लागतं. चारच्या आत पोचायचं, असं गणित ठेवा. हंगामात रस्त्यावर उसाचे दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर असतात, मागं रिफ्लेक्टर असेलच असं नाही. अंधारात त्यांच्यामागून गाडी चालवणं नकोच.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसाळ्यात गगनबावडा-आंब्याकडं सरपण पेटत नाही, जळवा चढतात, आणि दाजीपूर अभयारण्य तर पर्यटकांना बंदच असतं.

बुकिंगआधी विचारा. पाणी विहिरीचं, बोअरचं की टँकरचं? संडास कसला? सरपण मिळतं का? गाडी कुठपर्यंत जाते? "सगळी सोय आहे" एवढ्यावर फोन ठेवू नका, त्या वाक्याला काही अर्थ नसतो. मोकळ्या पठारावर स्वतःच तंबू टाकणार असाल तर जागा कुणाची ते बघून वनखात्याची किंवा गावाची परवानगी आधी घ्या.

पाणी. प्यायचं घरून न्या, वापरायचं तिथलं घ्या. माणशी दिवसाला 3 लिटर प्यायला आणि दीड लिटर चहा-स्वयंपाकाला. चौघांचे दोन दिवसांचे 36 लिटर होतात, म्हणजे 20 लिटरचे दोन कॅन. शक्यतो तोटीचा कॅन घ्या आणि उंच दगडावर ठेवा. तांब्यानं ओतताना हात धुवायलाच अर्धा लिटर जातं. तिथलं पाणी प्यायची वेळ आलीच तर फडक्यानं गाळून, खळखळून उकळी आल्यावर आणखी एक मिनिट उकळू द्या. नुसतं गाळल्यानं गाळ जातो, जंतू जात नाहीत. भांडी आधी राखेनं पुसून मग धुतली की बरंच पाणी वाचतं. साबण मात्र ओढ्यात नको.

तंबू. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारासारख्या जागी खाली जांभा दगड असतो. खुंटी दोन बोटं जाते आणि वाकते. हातोडा मारत बसू नका, दोरीचं टोक सात-आठ किलोच्या दगडाला बांधा. दोरी जरा लांबच घ्या, पठारावर वारा असतो. तंबू सखल जागी, ओढ्याच्या पात्रात किंवा वाळक्या फांदीखाली नको. रात्रीची गार हवा सखल भागात साचते, दवही तिथंच जास्त. सकाळी तंबूच्या आतून थेंब गळले तर तो फाटलाय असं नाही, तुमच्याच श्वासाची ती वाफ. थंडी असली तरी वरची जाळी उघडी ठेवा.

थंडी वरून लागते त्यापेक्षा खालून जास्त लागते. आधी ताडपत्री, तिच्या कडा तंबूबाहेर येऊ देऊ नका, नाहीतर दव तिच्यावरून आत येतं. मग चटई, मग घोंगडं. एकच घोंगडं असेल तर ते अंगावर नको, अंगाखाली घ्या. शेकोटीतले निखारे घमेल्यात भरून तंबूत आणायचा मोह होतो. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. अजिबात करू नका.

जेवण. मटण पहिल्याच रात्री. घरी हळद-मीठ लावून अळणी, म्हणजे बिनतिखटाचं, शिजवून न्या. कच्चं मटण बर्फाशिवाय दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. शिजवलेलंही बर्फातच न्या, तिथं परत उकळी आणा आणि कांदा-लसूण मसाल्याचा तांबडा रस्सा करा. चौघांना एक किलो पुरतं. पांढऱ्या रश्श्याचा हट्ट सोडा, नारळाचं दूध फार टिकत नाही. दुसऱ्या दिवशी झुणका, खर्डा, भाकरी, कांदा.

रात्र. फोनला रेंज कमी असली की तो सिग्नल शोधत बॅटरी संपवतो, म्हणून विमान मोडवर टाका. नकाशा आधीच उतरवून घ्या. उजेडासाठी माणशी एक बॅटरी (टॉर्च) हवी, त्यातली एक तरी डोक्याला बांधायची. हात मोकळे लागतात.

मण्यार रात्री फिरते, जमिनीवरच्या अंथरुणात शिरते आणि तिचा दंश बऱ्याचदा दुखतही नाही. म्हणून तंबूची चेन कायम बंद ठेवा, बूट आत घ्या, झटकून घाला, खरकटं दूर ठेवा. उंदीर आले की मागोमाग साप येतो. दंश झाला तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं काही नको. अंगठी-कडं काढा, दंशाचा भाग हलू देऊ नका आणि 108 ला फोन करून थेट दवाखाना गाठा. रेंज कुठल्या वळणावर येते ते दिवसाच बघून ठेवलेलं बरं. राधानगरीकडं गवा दिसला तर बॅटरी त्याच्या डोळ्यांवर मारू नका, त्याला वाट मोकळी ठेवून हळू मागं सरा.

संडास. खड्ड्याचा असेल तर दरवेळी वर राख किंवा कोरडी माती टाका, वास आणि माश्या दोन्ही कमी होतात. काहीच सोय नसेल तर पाण्यापासून 60 मीटर लांब, वीतभर खोल खड्डा काढून तो बुजवा.

निघताना. चुलीत पाणी ओता, काठीनं ढवळा, पुन्हा ओता. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा तासन्‌तास जिवंत राहतो आणि फेब्रुवारीत आसपासचं गवत वाळलेलं असतं. राखेला उलटा हात लावून बघा. ऊब लागली तर अजून एक बादली.