प्रोग्राम चालत नाही? ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर लायब्ररीच्या या चुका टाळा

बारावी बोर्डाला किंवा जेईईला कॅल्क्युलेटर चालत नाही, त्यामुळे पुण्यात ग्राफिंग कॅल्क्युलेटर दिसतो तो मुख्यतः आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या मुलांकडे. ही मुलं मधल्या सुट्टीत केबल जोडून एकमेकांना प्रोग्राम देतात आणि घरी गेल्यावर ‘माझ्याकडे चालतच नाही’ असे मेसेज सुरू होतात. दोष बहुतेक वेळा प्रोग्रामचा नसतो.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८४ प्लस सीई या ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर सी भाषेत लिहिलेले गेम आणि युटिलिटी ‘ग्राफएक्स’, ‘कीपॅडसी’ अशा सामायिक लायब्ररींवर, म्हणजे अनेक प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडवर, चालतात. या लायब्ररी प्रोग्रामच्या आत नसतात, ॲपव्हॅर नावाच्या वेगळ्या फाइलींत साठवलेल्या असतात. मित्राकडून नुसता प्रोग्राम घेतला की लायब्ररी त्याच्याकडेच राहते. आवृत्तीचंही तसंच. जुना प्रोग्राम नव्या लायब्ररीवर चालतो, पण नव्या लायब्ररीवर बांधलेला प्रोग्राम जुनीवर अडतो. म्हणून प्रत्येक प्रोग्रामसोबत आलेली एकेक फाइल टाकत बसू नका. सगळ्या लायब्ररींचा एकत्र गठ्ठा मिळतो, त्यातला सर्वांत नवा एकदाच चढवा.

चढवल्यावर लायब्ररी आर्काइव्हमध्येच, म्हणजे रीसेटनंतरही टिकणाऱ्या मेमरीतच हवी. रॅम जेमतेम १५४ केबी, आर्काइव्ह ३ एमबी. प्रोग्राम हँग झाला की बोट मागच्या रीसेट बटणावर जातं, आणि रॅममधलं सगळं साफ. परीक्षेआधी एक्झाम मोड लावतानाही रॅम पुसली जाते.

आता टीआय-बेसिक या कॅल्क्युलेटरच्याच भाषेत स्वतः लायब्ररी लिहिणाऱ्यांसाठी. इथली चूक शोधता शोधता संध्याकाळ जाते. टीआय-बेसिकमध्ये लोकल व्हेरिएबल, म्हणजे एकाच प्रोग्रामपुरते व्हेरिएबल, नाहीत. ए ते झेड आणि थीटा ही अक्षरं सगळ्या प्रोग्रामची सामायिक. समजा मुख्य प्रोग्राममध्ये ‘आय’ १ ते १० असा फॉर लूप आहे. त्यातून बोलावलेल्या सबप्रोग्राममध्येही ‘आय’ १ ते ३ लूप आहे. तो संपतो तेव्हा आय ४ असतो. परत आल्यावर मुख्य लूपच्या शेवटची ‘एंड’ ही आज्ञा त्याला ५ करते, ५ अजून १० पेक्षा लहान, म्हणून पुन्हा सबप्रोग्राम, पुन्हा ४, पुन्हा ५. हा फेरा थांबत नाही. ऑन बटण दाबूनच तोडावा लागतो. उपाय शिस्तीचा: लायब्ररीने थीटा आणि स्वतःच्या नावाची एक लिस्ट एवढंच वापरायचं, उत्तर ‘आन्स’मधून, म्हणजे शेवटचं उत्तर धरून ठेवणाऱ्या व्हेरिएबलमधून, द्यायचं. लिस्टचं नाव मात्र पाच अक्षरांत बसवा.

शेवटी ‘स्टॉप’ही लिहू नका. तो सबप्रोग्रामसकट मुख्य प्रोग्रामही गुंडाळतो. परतायला ‘रिटर्न’ आहे.

कॅल्क्युलेटरची नवी ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) दिसली की लगेच अपडेट करणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. २०२० मध्ये आलेल्या ५.५.१ पासून सी आणि असेंब्लीचे प्रोग्राम थेट चालवण्याची सोयच काढून टाकली आहे, आणि मागे येणं सोपं नाही.

एवढं करूनही कॉम्प्युटरला कॅल्क्युलेटर दिसतच नसेल, तर केबल तपासा. सीईला मिनी यूएसबी लागते, आणि घरातल्या जुन्या केबलींपैकी बऱ्याचशा फक्त चार्जिंगच्या असतात. पुण्यात पासोड्या विठोबापाशी, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात घ्यायला गेलात तर ‘डेटावाली’ म्हणून मागा.