साखरेची पुडी रॅकवर नको, हाताशी हवी: शुगर अचानक ‘लो’ होते तेव्हा या चुका टाळा

सायन सुटलं आणि मानेवरून घामाचा ओघळ उतरला. मार्च महिना, संध्याकाळची ठाणे स्लो, लेडीज डबा. घाम सगळ्याच जणींना येत होता. पण माझा घाम गार होता. ओठांभोवती मुंग्या, बोटांना कापरं. सात वर्षं इन्सुलिन घेतेय, त्यामुळे हे काय चाललंय ते लगेच कळलं. साखरेची पुडी पर्समध्ये होती आणि पर्स वरच्या रॅकवर. मी चौथ्या सीटवर कशीबशी टेकलेली. मनात म्हटलं, कुर्ल्याला गर्दी उतरेल, तेव्हा काढू. कुर्ल्याला उतरल्या त्याहून जास्त चढल्या. मग म्हटलं, घाटकोपरला बघू. विद्याविहारच्या आसपास शेजारच्या ताईंनी विचारलं, “तुम्हाला बरं वाटत नाहीये का?” उत्तर डोक्यात होतं, तोंडातून शब्द फुटेना. “शुगर” एवढंच कसंबसं म्हणाले.

त्यांच्या मुलाच्या दप्तरात आंब्याच्या रसाचा छोटा पॅक होता. मला गिळता येतंय ना हे आधी पाहून त्यांनी स्ट्रॉ माझ्या ओठांना लावली. घाटकोपरला मला धरून उतरवलं, बाकावर बसवलं, माझ्याच पर्समधून ग्लुकोमीटर काढून दिला. रस पोटात जाऊन दहा मिनिटं झाल्यावरचा तो आकडा ६१ होता. आधी किती खाली गेली असेल, देव जाणे. त्या ताईंचं नावही मी विचारलं नाही, याची चुटपुट अजून आहे.

“पुढच्या स्टेशनला बघू”

सगळ्यात घातक चूक हीच. रक्तातली साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की तिथेच उपाय करायचा. ५४ च्या खाली गेली की प्रकरण गंभीर. मेंदू मुख्यतः ग्लुकोजवर चालतो आणि त्याचा फारसा साठा त्याच्याकडे नसतो. म्हणून साखर घसरते तेव्हा हातपाय गळण्याबरोबर विचारही गढूळ होतात. आता खाऊ की नंतर, हे ठरवणारा मेंदूच त्या वेळी उपाशी असतो. अशा वेळी घेतलेल्या निर्णयावर भरवसा ठेवू नका, स्वतःच्यासुद्धा. निर्णय आधीच, तब्येत ठीक असताना करून ठेवायचा: कापरं भरलं की खायचं, मग मोजायचं. मीटर हाताशी असेल तर आधी मोजा, पण मीटर शोधण्यात पाच मिनिटं घालवू नका. लो नसताना चुकून थोडी साखर खाल्ली, तर आकडा थोडा वर जाईल. लो असताना खाल्ली नाही, तर माणूस कोसळेल.

आता माझी पुडी कुर्त्याच्या खिशात असते. खिसा नसलेला कुर्ता मी शिवूनच घेत नाही. साडीच्या दिवशी बटवा कमरेला. पुरुषांनी ती शर्टाच्या खिशात ठेवावी. पाठीवरची सॅक गर्दीत पोटाशी घेतली तरी तिची चेन उघडायला जागा नसते, हे लोकलने जाणाऱ्याला सांगायला नको.

पेढा, बिस्किट, चहा

“शुगर डाऊन झालीय, काहीतरी गोड द्या” म्हटलं की घरात धावपळ होते आणि हातात येतो पेढा, चॉकलेट किंवा बर्फी. यातल्या तुपामुळे आणि स्निग्धांशामुळे पोट सावकाश रिकामं होतं आणि साखर रक्तात उतरायला उशीर लागतो. बिस्किटाचंही तसंच. टपरीवरचा कटिंग गोड असतो खरा, पण तो येईपर्यंत, निवेपर्यंत आणि फुंकून पिऊन होईपर्यंत वेळ जातो, शिवाय त्यात साखर नेमकी किती हे सांगता येत नाही.

हवी असते ती साधी, पटकन विरघळणारी, १५ ग्रॅम साखर. म्हणजे चहाचे तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर, थोड्या पाण्यात ढवळून. किंवा साधारण अर्धा कप फळांचा रस, नाहीतर तेवढंच साधं, ‘डाएट’ नसलेलं कोल्ड्रिंक. रस्त्यावर असाल तर उसाच्या रसाचा अर्धा ग्लास. मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकदा साखर मोजून पाहिली. आमचा चहाचा चमचा सपाट भरला तर पाचच ग्रॅम भरतो. तेव्हापासून तीन-तीन चमच्यांच्या पुड्या बांधते, खाऊच्या पुड्या बांधायचे तशा, आणि पावसाळ्यात वर प्लास्टिकची पिशवी, नाहीतर दमट हवेत दोन दिवसांत गोळा होतो.

दोन गोष्टी औषधासारख्या दिसतात, पण इथे उपयोगाच्या नाहीत. एक, शुगर-फ्रीच्या गोळ्या. त्यांत साखरच नाही, तर रक्तातली साखर वाढणार कशी? गडबडीत घरच्यांनी त्या चहात घातल्याचं मी स्वतः पाहिलंय. दुसरी, ओआरएस. जुलाबासाठी ते उत्तम, पण प्रमाणित ओआरएसच्या अख्ख्या लिटरमध्ये ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं. एका ग्लासात तीन ग्रॅमही भरत नाही.

आणि ज्यांना जेवणाबरोबर अकारबोज किंवा व्होग्लिबोज असलेली गोळी आहे, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं: या गोळ्या साध्या साखरेचं पचन लांबवतात, म्हणून तुम्हाला साखर किंवा पेढा चालणार नाही, ग्लुकोजच लागेल. पावडर घेताना पाकिटावर ग्लुकोज किंवा डेक्स्ट्रोज लिहिलंय ना ते बघा. चवीच्या पावडरींत कधी साधी साखरही मिसळलेली असते. आपल्या गोळीत काय आहे ते स्ट्रिपच्या मागे छापलेलं असतं.

घाबरून खात सुटणं

लो असताना लागणारी भूक भयंकर असते. साखर खाल्ली, रस प्यायला, मग लाडू, मग पोळी-भाजी, आणि दोन तासांनी मीटरवर ३००. मग त्यावर जादा इन्सुलिन, आणि रात्री परत लो. हा झोपाळा मी पुष्कळ झुललेय. उपाय सोपा, पण मन घट्ट करावं लागतं: १५ ग्रॅम घ्या, १५ मिनिटं थांबा, परत मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर परत तेवढंच. आकडा वर आल्यावर, जेवायला तासाभराहून जास्त वेळ असेल, तर अर्धी पोळी किंवा दोन-तीन साधी बिस्किटं खा, म्हणजे साखर टिकून राहील. बिस्किटाची पाळी ही अशी, दुसऱ्या क्रमांकाला.

ती पंधरा मिनिटं घड्याळ बघत बसा. त्या वेळात जिना चढू नका, स्कूटरला किक मारू नका. गाडी चालवताना लो झाली असेल तर बाजूला लावा आणि आकडा नीट झाल्यावरही पाऊण तास स्टिअरिंग हातात घेऊ नका. आकडा आधी सुधारतो, डोकं मागून येतं.

डोस घेतला, जेवण राहिलं

त्या दिवशी माझं हेच झालं होतं. दुपारी इन्सुलिन टोचलं, डबा उघडला आणि मीटिंगला बोलावलं. अर्धी पोळी खाऊन उठले. संध्याकाळी फोर्टातून सीएसएमटीपर्यंत भराभर चालत गेले. डोस पूर्ण, जेवण अर्धं आणि वर व्यायाम, तीनही एकाच दिवशी. आता ऑफिसमध्ये कुणीही हाक मारली तरी “डबा संपवून येते” असं स्पष्ट सांगते. त्यात संकोच कसला?

उपासाचंही इथेच बोलायला हवं. संकष्टी, त्यात अंगारकी असली की प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या रांगेत तासन् तास, दिवसभर निर्जळी आणि चंद्रोदयानंतर जेवण; पण सकाळची गोळी सवयीने घेतलेली. श्रद्धेला हात लावायचा नाही मला, मी स्वतः चतुर्थी करते. पण उपासाच्या दिवशी डोस किती, हे आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून घ्यायचं. आणि आकडा ७० च्या खाली गेला की उपास तिथेच सोडायचा. बाप्पा रागावत नाही.

मुंबईत आणखी एक जेवण चुकवणारा आहे: पाऊस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोक रात्रभर गाड्यांत आणि ऑफिसांत अडकले. तेवढा नसला तरी रुळांवर पाणी साचून दोन स्टेशनांच्या मध्ये लोकल तासभर थांबणं दरवर्षीचंच. म्हणून जून ते सप्टेंबर माझ्याकडे दोनाऐवजी चार पुड्या आणि एक बिस्किटचा पुडा असतो.

लाल टोपी, केशरी टोपी

माझ्या काकांचं इन्सुलिन टोचायचं पेन बिघडलं. औषधाच्या दुकानात त्यांना सांगण्यात आलं, “कार्ट्रिजमधून (पेनमध्ये बसते त्या इन्सुलिनच्या नळीतून) सिरिंजने ओढून घ्या.” सिरिंज मिळाली लाल टोपीची. काकांनी नेहमीचे २० युनिट समजून २० च्या रेघेपर्यंत भरलं. दोन तासांत ते घामाने निथळून पलंगावर बरळत होते.

झालं असं: आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुधा ४० युनिट प्रति मिलिलिटरच्या, आणि पेनचं कार्ट्रिज १०० युनिट प्रति मिलिलिटरचं. लाल टोपीची सिरिंज ४० साठी, केशरी टोपीची १०० साठी. लाल टोपीच्या सिरिंजवरची २० ची रेघ म्हणजे अर्धा मिलिलिटर. १०० च्या कार्ट्रिजमधून तेवढं ओढलं की पोटात ५० युनिट जातात, म्हणजे अडीचपट. १०० च्या बाटल्याही मिळतात, त्यामुळे बाटली आहे म्हणजे ४० ची असं धरू नका. दर वेळी बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकमेकांशी जुळवा, आणि कार्ट्रिजमधून सिरिंजने ओढूच नका.

टोचायची जागाही बदलत राहायला हवी. एकाच जागी टोचून गाठ झाली की तिथलं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, मग डोस वाढवला जातो. आणि एक दिवस ताज्या जागी तोच वाढीव डोस टोचला की साखर धाडकन खाली.

“मी इन्सुलिनवर नाही, मला काय होणार?”

ग्लिमेपिराइड, ग्लायक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्यांनीही लो होते, आणि ती हट्टी असते. साखर देऊन आकडा वर आला, सगळे निश्चिंत झाले, आणि चार तासांनी परत खाली, कारण गोळी अंगात अजून काम करतेच आहे. वयस्कर माणसांत, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर आणखीच. घरी आजी-आजोबा या गोळ्यांवर असतील आणि जोराची लो झाली असेल, तर बरं वाटलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. नुसत्या मेटफॉर्मिनने असं सहसा होत नाही. मधुमेह नसतानाही कुणाला वारंवार असं वाटत असेल, तर साखर खात राहण्यापेक्षा त्रास होत असतानाच रक्त तपासून घ्या. ५५ च्या खाली आकडा आला तर कारण शोधावंच लागतं.

दारूबद्दल एकच सांगते: यकृत नवीन साखर तयार करतं, ते काम दारूने अडतं. रिकाम्या पोटी प्यायल्यावर रात्री उशिरा किंवा पहाटे लो होऊ शकते, आणि बघणाऱ्यांना वाटतं चढलीय.

रात्रीची लो बऱ्याचदा झोपेत कळतच नाही. सकाळी उशी ओली, डोकं जड, रात्रभर वाईट स्वप्नं, असं दोन-तीनदा झालं तर पहाटे तीनला गजर लावून मोजा. वारंवार लो होत राहिली की शरीर इशारे देणंच सोडतं. धडधड नाही, कापरं नाही, एकदम भ्रम. रक्तदाबाच्या काही गोळ्याही, बीटा ब्लॉकर, धडधड झाकून टाकतात, घाम तेवढा येतो. हे डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. काही आठवडे लो पूर्ण टाळली तर इशारे बऱ्याचदा परत येतात.

मोजताना हात धुवा. आंबा चिरलेल्या बोटाने मोजलं तर मीटर आंब्याची साखर दाखवतो, आणि खरी लो लपते.

घरच्यांनी करायच्या नाहीत अशा गोष्टी

माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका. पाणी नाही, साखर नाही, मधही नाही. श्वासनलिकेत गेलं तर गुदमरेल. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. डॉक्टरांनी ग्लुकागॉनचं, म्हणजे रक्तातली साखर वाढवणारं, इंजेक्शन घरी ठेवायला दिलं असेल तर ते देता येतं. मात्र ते कसं द्यायचं हे आधीच शिकून ठेवा. इन्सुलिन मात्र टोचू नका. “शुगरचा पेशंट आहे, इंजेक्शन द्या” या घाईत तीही चूक होते.

शुद्धीत असलेला माणूस त्या वेळी चिडतो, हात झटकतो, “मी ठीक आहे” म्हणतो. ते मनावर घेऊ नका आणि खरंही मानू नका. आमच्या घरी यावर एक ठरलेलं आहे. मी विनाकारण आवाज चढवला की हे उलट बोलत नाहीत, साखरपाण्याचा ग्लास आणून हातात देतात. मी म्हणते, “अहो, काही झालेलं नाही मला.” हे म्हणतात, “नसेल झालं. पी आधी.” आणि ग्लास रिकामा होईपर्यंत तिथेच उभे राहतात.