जाम घाटाने नर्मदेकडे: इंदूर ते महेश्वर सायकलवर

इंदूरहून सायकलने महेश्वरला जायचं म्हटलं की लोक आधी अंतर विचारतात. अंतर साधारण ९० किलोमीटर आहे आणि रोज तासभर सायकल चालवणाऱ्याला ते झेपतं. विचार करायचा तो घाटाचा. आपण इंदूरकर माळव्याच्या पठारावर राहतो, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. महेश्वर नर्मदेच्या काठी, दीडशेच्या आसपास. मधली उंची विंध्याच्या कड्यावरून उतरायची आणि परतताना तीच चढायची. म्हणून माझं ठाम मत आहे की ही सहल तीन दिवसांची करावी: एक दिवस उतरायला, एक नदीसाठी, एक चढायला. एका दिवसात जाऊन येणारी तरुण मुलं आमच्या लोकमान्य नगरात आहेत, त्यांच्या दमाचं मला कौतुक वाटतं, पण नर्मदेकाठी संध्याकाळ न काढता परत येणं मला स्वतःला पटत नाही.

खाली उतरायला तीन रस्ते आहेत. एबी रोडने, म्हणजे आग्रा-मुंबई महामार्गाने, मानपूर-धामनोदवरून गेलं तर रस्ता रुंद आहे, पण गणेश घाटात अवजड ट्रकांचे ब्रेक निकामी होऊन अपघात होत आलेत. तिथे सायकल घालू नका. सिमरोल-बडवाहचा रस्ता ओंकारेश्वरला जाणाऱ्यांसाठी सोयीचा, पण खंडव्याकडची सगळी वाहतूक त्यावरच असते. तिसरा महू-मंडलेश्वर रस्ता, जाम दरवाज्यावरून जाणारा. सायकलसाठी हाच घ्या.

ऋतू निवडताना एक मोह टाळायचा असतो. पावसाळ्यात जाम दरवाज्याला ढग टेकतात, सगळं हिरवंगार होतं आणि अख्खं इंदूर तिकडे लोटतं. रविवारी मोटारींच्या रांगा, ओला घाट, आणि रस्त्याच्या कडेला उतरलात तर काळी माती चाकात आणि मडगार्डमध्ये इतकी घट्ट बसते की चाक फिरायचं थांबतं. दिवाळीनंतर ते जानेवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. वर माळव्यात गहू उगवून आलेला असतो, खाली निमाडात कापूस आणि मिरची. फेब्रुवारीत पळस फुलायला लागतो हे खरं, पण सागाची पानं गळायला लागतात आणि घाटात सावली उरत नाही. वार मधला निवडा, शनिवार-रविवार नको.

सायकल महागडी लागत नाही. गिअरची साधी हायब्रिड किंवा एमटीबी चालेल. फक्त पुढचं सगळ्यात लहान चक्र आणि मागचं सगळ्यात मोठं चक्र यांच्या दातांची संख्या निदान सारखी असावी, मागचे दात जास्त असले तर आणखी बरं. परतीच्या चढावर हाच गिअर तुम्हाला वर नेतो. टायर ३५ मिलिमीटरच्या आसपास रुंद असले तर खडबडीत डांबरावर हातांना हादरे कमी बसतात. निघण्याच्या आदल्या आठवड्यात दुकानात नेऊन दोन्ही चाकांचा आउट काढून घ्या, म्हणजे चाक फिरताना डुगडुगणार नाही. सीटची उंची मात्र स्वतः तपासा: टाच पेडलवर ठेवून पेडल खाली नेलं की गुडघा जवळजवळ सरळ व्हायला हवा.

ब्रेकसाठी वेगळा वेळ काढा. रबराचे ब्रेक असतील तर रबरावरच्या खाचांकडे बघा. खाचा पुसट झाल्या असतील तर जुने रबर या घाटात नेऊ नका, नवी जोडी काही फार महाग नसते. बोटाने रबराचा पृष्ठभाग चाचपा. कधी कधी त्यात रिमच्या अ‍ॅल्युमिनियमचे चमकते कण रुतलेले असतात. ते टोकाने उकरून काढा, नाहीतर दर वेळी ते रिम खरवडतात आणि ब्रेक किंचाळतो. मग ब्रेकची तार बघा. लिव्हरजवळ तिची एखादी लडी जरी सुटलेली दिसली तरी तार बदला. डिस्क ब्रेक असतील तर पॅड किती उरलेत ते बघा, आणि चेनला तेल घालताना डिस्कवर एक थेंबही उडू देऊ नका.

सामान पाठीवर घेऊ नका. मागच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंना समान वजनाच्या पिशव्या लावा, जड वस्तू तळाशी. दोन जोड कपडे, एक शाल, दोन जादा ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, सोल्यूशन, ठिगळं, हवेचा पंप, अ‍ॅलन पाने. पाणी तीन लिटर. खायला दशम्या आणि गूळ-दाणे. दशमी दोन दिवस मऊ राहते आणि घशाला पाणी मागत नाही.

पहाटे पाचला निघा, पुढे-मागे दिवे लावून. राजेंद्र नगर, राऊ, किशनगंज, महू हा पहिला टप्पा. वाहतूक जागी होण्याआधी तो पार पडला पाहिजे. पोहे महूत खा, इंदुरात नको, कारण भरल्या पोटी राऊपर्यंतचा रस्ता जड जातो. जिरावण, म्हणजे पोह्यांवरचा इंदुरी मसाला, हवं तेवढं घाला, जिलबी एखादीच. महूच्या पुढे बडगोंद्याच्या बाजूने रस्ता शेतांमधून वर-खाली होत हळूहळू चढतो आणि मग जंगल सुरू होतं. या भागात लष्कराची फायरिंग रेंज आहे. पाट्या लागल्या असतील तिथून आत वळू नका, पायवाट कितीही छान दिसली तरी. इथे तंबू ठोकायचा नाही आणि अंधारात थांबायचं नाही. बायकांना माझं विशेष सांगणं आहे की निदान तिघी-चौघींनी मिळून जा.

जाम दरवाजा अहिल्याबाईंनी १७९१ साली बांधला. महेश्वर त्यांची राजधानी, आणि वर माळव्यात यायची ही वाट. दरवाज्याच्या कमानीखाली उभं राहून दक्षिणेकडे बघितलं की पठार तिथेच संपतं आणि खाली निमाड पसरलेला दिसतो. अर्धा तास थांबा. जिना चढून वर जा, काळ्या दगडाचं चिरेबंदी काम हात लावून बघा. याच वेळात ब्रेक पुन्हा एकदा दाबून तपासा आणि टायरमधली हवा थोडी कमी वाटली तर भरून घ्या.

आता उतार. ब्रेक सतत धरून ठेवायचे नाहीत. सतत दाबले तर रिम आणि रबर तापतात, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. दोन्ही ब्रेक जोरात दाबा, वेग उतरवा, सोडा, दोन-चार सेकंद हवा लागू द्या, पुन्हा दाबा. ताकद पुढच्या ब्रेकमध्ये जास्त असते, पण तो एकटा झटक्याने ओढला तर माणूस हँडलवरून पुढे जातो. म्हणून वजन मागे न्या, कोपर सैल ठेवा. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेक सोडायचा. वळणाच्या आतल्या बाजूचं पेडल वर असू द्या, नाहीतर ते रस्त्याला घासतं. वळणावर वाळू किंवा बारीक खडी साचलेली असते, ती दिसली की सायकल सरळ ठेवूनच पार करा. समोरून बस येत असेल तर कडेला थांबून तिला जाऊ द्या. मध्ये एकदा उतरून बोट रिमजवळ न्या, टेकवू नका. आच लागली तर पाच मिनिटं बसा.

खाली हवा बदलते, हे अंगाला लगेच कळतं. वर लागणारं जॅकेट काढा आणि मीठ-लिंबाचं पाणी प्या. निमाडात ऊन हिवाळ्यातही दुपारी चटका देतं, म्हणून अकरापर्यंत घाट उतरून झालेला बरा. आता शत्रू बाभळीचा काटा. पंक्चर झालं तर ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. काट्याचं तुटलेलं टोक असेल तिथे कापूस अडकतो. तो काटा काढला नाही तर नवी ट्यूबही तासाभरात जाते.

मंडलेश्वरपासून महेश्वर जवळच आहे. या पट्ट्यात परिक्रमावासी भेटतात, काठी आणि कमंडलू घेऊन, नर्मदा उजव्या हाताला ठेवून चालणारे. त्यांच्या मागे घंटी वाजवू नका. लांबूनच ‘नर्मदे हर’ म्हणा, ते वळून ‘नर्मदे हर’ म्हणतात आणि आपोआप वाट देतात. लॉज ठरवताना तळमजल्यावर सायकल आत घेऊ देतात का ते फोनवरच विचारून ठेवा.

दुसऱ्या दिवशी सायकल थोडीच चालवा. सकाळी जलकोटीला सहस्रधारा बघून या, तिथे नदी खडकांतून असंख्य धारांनी फुटते. मग नावेने पलीकडे नावडातोलीला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी १९५०च्या दशकात इथेच उत्खनन करून ताम्रपाषाण काळातली वस्ती उजेडात आणली. आज तिथे शेतं आणि टेकाड आहे, तरी आपल्या मराठी मंडळींनी ते पाहावंच. दुपारी रेहवा सोसायटीत हातमाग बघा. जेवायला अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी मिळाली तर दुसरं काही मागवू नका.

तिसऱ्या दिवशी अंधारातच निघा, घाटाच्या पायथ्याशी उजाडताना पोचाल असं. चढ सुरू होण्याआधीच सगळ्यात हलक्या गिअरवर या, कारण जोर लावून गिअर बदलला की चेन उतरते. बोलता येईल इतकाच दम लागू द्या. बोलणं तुटायला लागलं की उतरून सायकल ढकला, घाट पायी चढण्यात काही कमीपणा नाही. दर वीस मिनिटांनी दोन घोट पाणी आणि गुळाचा खडा. पाय अगदीच गळाले तर महूकडे जाणारी बस हात करून थांबवा. कंडक्टरशी आधी भाडं ठरवा, सायकल टपावर आडवी ठेवायला लावा, मागचे गिअर वरच्या बाजूला येतील अशी, आणि दोरी फ्रेमला बांधा, चाकाला नको.