हिवाळी भाज्या: शरदात काय, कधी आणि कसे लावावे

हिवाळी वाफा फसला की दोष थंडीला दिला जातो. खरे कारण बहुधा पेरणीला झालेला उशीर असते. दिवस लहान होत जातात तशी रोपांची वाढ मंदावते आणि दिवस दहा तासांपेक्षा आखूड झाला की जवळजवळ थांबते. काटक रोप अशा वेळी मरत नाही, आहे तेवढेच राहते. म्हणून ते त्याआधीच काढणीच्या जवळ आलेले हवे. साधारण ३२ अंश अक्षांशाच्या पलीकडे, ध्रुवाच्या बाजूला, हे आखूड दिवस येतात. विषुववृत्ताच्या बाजूला दिवस इतका लहान होत नाही, तिथे दर १५ दिवसांनी थोडे थोडे पेरत हिवाळा काढता येतो.

१. तारीख उलटी मोजा

आपल्याकडे दव गोठायला साधारण कधी सुरुवात होते ती तारीख धरा. दव गोठतच नसेल, तर थंडी पक्की होण्याची धरा. बियाण्याच्या पाकिटावरच्या दिवसांत १४ मिळवा, कारण शरदातली वाढ सावकाश होते. तेवढे दिवस मागे गेलात की पेरणीची तारीख मिळते. ८० दिवसांचे गाजर म्हणजे ९४ दिवस आधी. ३० दिवसांचा छोटा मुळा ४४ दिवस आधी. कोबी-फ्लॉवरच्या पाकिटावरचे दिवस मात्र बहुतेकदा पुनर्लागवडीपासून मोजलेले असतात. रोपवाटिकेतले ४ ते ५ आठवडे त्यात वेगळे धरावे लागतात, आणि नेमके तेच विसरले जातात.

२. पिके निवडा

पालक, केल (कोबीच्या कुळातली, गड्डा न धरणारी पालेभाजी), लीक (जाड, पांढऱ्या दांड्याची कांद्याच्या कुळातली भाजी), लसूण आणि जमिनीतले गाजर कडक थंडी सोसतात. कोबी, बीट, मुळा, लेट्यूस, कोथिंबीर यांना हलका गारठा चालतो. मटारचे वेल तगतात, पण फुले आणि कोवळ्या शेंगा गोठून जातात. टोमॅटो, मिरची, वांगी, घेवडा, काकडी यांच्या नादी लागू नका. पारा शून्यावर आला की संपलेच.

३. वाफा तयार करा

जागा दक्षिणोत्तर न बघता उन्हाची बघा. हिवाळ्यात सूर्य खाली उतरतो, सावल्या लांबतात. उन्हाळ्यात उजेडात असलेला कोपरा आता भिंतीच्या सावलीत जाऊ शकतो. गादीवाफा १ मीटर रुंद आणि १५ ते २० सेंटिमीटर उंच करा. थंडीत पाणी लवकर सुकत नाही, त्यामुळे सपाट वाफ्यात मुळे कुजतात. दर चौरस मीटरला ४ ते ५ किलो चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा. युरियासारखे नत्रखत उशिरा देऊ नका. त्याने पाने लुसलुशीत होतात आणि पहिल्याच गारठ्यात करपतात.

४. पेरणी

शरदाच्या सुरुवातीला माती अजून तापलेली असते, आणि पालक व लेट्यूस ३० अंशांच्या वर नीट उगवत नाहीत. संध्याकाळी पेरा, उगवेपर्यंत वाफ्यावर ओले गोणपाट किंवा सावलीची जाळी ठेवा आणि पहिला कोंब दिसताच काढा. एक दिवस उशीर झाला तरी रोपे लांबुडकी होतात.

गाजराचे बी १ सेंटिमीटर खोल, पालक २, मटार ३ ते ४. गाजर उगवायला १० ते २० दिवस घेते. तोवर वरचा थर एकदाही कडक होता कामा नये. कोथिंबिरीचे धणे हलके रगडून दोन फाके करा. उगवल्यावर विरळणी निर्दयपणे करा: गाजरात ५ सेंटिमीटर, बिटात १० सेंटिमीटर अंतर ठेवा. दाट गाजरे बोटाएवढीही होत नाहीत.

५. रोपे लावा

कोबी-फ्लॉवरची रोपे ४-५ पानांवर आली की ४५ सेंटिमीटर अंतरावर, ऊन उतरल्यावर लावा आणि बुंध्याची माती घट्ट दाबा. ट्रेमध्ये सहा आठवड्यांहून जास्त रखडलेले फ्लॉवरचे रोप घेऊ नका. त्याला लिंबाएवढा गड्डा धरतो आणि तिथेच थांबतो. ट्रेमधली रोपे बुंध्याशी बारीक होऊन कोलमडली, तर तो मर रोग: पाणी जास्त, हवा कमी. लागवडीच्या दिवशीच बारीक जाळी घाला. फुलपाखरांनी अंडी घातल्यावर जाळी टाकली, तर अळ्या आत सुरक्षित राहतात.

६. लसूण

जमीन गोठत असेल तर गोठण्याच्या ३ ते ६ आठवडे आधी लावा. मोठ्या पाकळ्या निवडा, साल काढू नका. टोक वर, ५ सेंटिमीटर खोल, १० ते १५ सेंटिमीटर अंतर. पुरेशी थंडी न मिळालेला लसूण पाकळ्या धरत नाही, एकच गोल गाठ होते. कांद्याचे उलटे आहे: हिवाळ्यापूर्वी पेन्सिलीहून जाड झालेले रोप वसंतात फुलोऱ्यावर जाते, म्हणून कांद्याचे बी फार लवकर टाकू नये.

७. पाणी आणि गोठणारी रात्र

मातीत बोट ५ सेंटिमीटर खोवा. कोरडे लागले तरच पाणी द्या, तेही सकाळी. रात्रभर ओली राहिलेली पाने बुरशीला आमंत्रण देतात. मुळांवर ५ ते ८ सेंटिमीटर वाळके गवत किंवा पाने पसरा, पण बुंधा मोकळा ठेवा, नाहीतर गोगलगायी तिथेच मुक्काम करतात.

आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला, अशा रात्री सर्वांत धोक्याच्या. माती कोरडी असेल तर दुपारीच भिजवून घ्या; ओली माती दिवसाची ऊब जास्त साठवते. सूर्यास्तापूर्वी कमानी लावून कापड घाला आणि कडा दाबा. प्लॅस्टिक पानांना टेकले तर टेकलेली पाने गोठतात. सकाळी ऊन आल्यावर पांघरूण उघडायला विसरू नका, आतली हवा झपाट्याने तापते.

८. काढणी

पालक-केलची बाहेरची पाने खुडा, गाभा ठेवा. गाजरे जमिनीतच राहू द्या. थंडीत त्यांच्यातली साखर वाढते. गोठून ताठ झालेल्या पानांना हात लावू नका. त्या अवस्थेत खुडलेली पाने वितळल्यावर काळी-मऊ पडतात. दुपारपर्यंत थांबलात तर तीच पाने पुन्हा तरतरीत झालेली असतात.